‘फुल फ्लो’च्या नावाखाली जीपचा मूळ फिल्टर डबा गेला

जुनी पेट्रोल जीप अजून चालती ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याने ‘फुल फ्लो ऑईल फिल्टर’ बसवून देतो म्हणून माझ्याकडून २२,५०० रुपये घेतले. जे सांगितलं ते केलं नाही आणि गाडीवरचा मूळ डबाही परत दिला नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं तिथे लिहिलंय.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९६५ची, वडिलांनी घेतलेली. इंजिन मूळचंच, हरिकेन पेट्रोल, २,१९९ सीसी. आपल्या भागातल्या जीपांना केव्हाच डिझेल इंजिनं बसली, त्यामुळे पेट्रोलवर राहिलेली दिसली की लोक थांबून बॉनेट उघडायला लावतात. हा गॅरेजवालाही असाच भेटला. बॉनेट उघडल्यावर त्याची नजर आधी फिल्टरच्या डब्यावर गेली, हे आता आठवतं.

म्हणाला, “साहेब, ह्यात दहा टक्केच ऑईल गाळून निघतंय. बाकीची सगळी घाण बेअरिंगला. नव्या गाडीसारखं फुल फ्लो करून टाकू, इंजिनला परत हात लावायला नको.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. या इंजिनात पंपाने उचललेलं ऑईल ब्लॉकच्या आतूनच मुख्य गॅलरीत, म्हणजे ऑईलच्या मोठ्या वाटेत जातं आणि तिथून बेअरिंगला. फिल्टर त्या वाटेत नाहीच. तो एका बाजूच्या फाट्यावर लटकतो. थोडंसं ऑईल त्यात जातं, गाळलं जातं आणि इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमधून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत पडतं. याला बायपास म्हणतात. एका फेरीत थोडंच ऑईल गाळलं जातं हे खरं, पण तेच ऑईल सारखं फिरत असतं, त्यामुळे हळूहळू सगळ्याची पाळी येते. शिवाय बायपासचा एलिमेंट, म्हणजे डब्यातली गाळणी, फार बारीक गाळतो. सगळं ऑईल त्यातून वेळेत जाऊच शकणार नाही, म्हणून तर तो फाट्यावर ठेवलाय. फुल फ्लोमध्ये उलट असतं. सगळं ऑईल फिल्टरमधूनच बेअरिंगला जातं, पण त्यासाठी जाळी ढोबळ ठेवावी लागते.

त्याने आठवडाभर गाडी ठेवून घेतली. न्यायला गेलो तेव्हा दोन खेळ दाखवले. एक म्हणजे डिपस्टिक काढून मधासारखं ऑईल दाखवलं. (नवीन ऑईल ओतल्यावर कुणाच्याही गाडीत तसंच दिसतं. आणि ऑईल लवकर काळं पडणं म्हणजे नेहमी वाईट असंही नाही, चांगलं ऑईल आतली घाण स्वतःत धरून ठेवतं.) दुसरा खेळ प्रेशरचा. सेल्फ मारला आणि काटा थेट साठवर. “बघा, पहिलं एवढं कधी चढायचं का?” इंजिन मात्र गार होतं. जुना डबा मागितला तर “तो कुजलेला, भंगारात टाकला.” बिल मागितलं तर “जीएसटी लागेल, कशाला?” असं म्हणून वहीच्या पानावर आकडा लिहून दिला.

पुढच्याच रविवारी दंडोबाच्या डोंगरावर गेलो. चढ संपवून वर गाडी आयडलला ठेवली आणि प्रेशरचा काटा आडवा झाला. तापलेल्या इंजिनाला हजार फेऱ्यांमागे दहा पौंड प्रेशर असावं असा जुना ठोकताळा आहे. इथे काटा जेमतेम हलत होता. खाली उतरताना खालून हलकी टकटक यायला लागली. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, “गेज खराब असेल, नवीन टाकू.”

गाडी मिरजेला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी फिल्टरकडे पाहिलंच नाही, आधी फिल्टरमधून निघणाऱ्या पाईपवर बोट ठेवून ते शेवटापर्यंत नेलं. पाईप टायमिंग कव्हरला जाऊन मिळत होता. “हे बायपासच हाय. डबा बदललाय फक्त.” गॅरेजवाल्याचं ‘इम्पोर्टेड किट’ म्हणजे ट्रॅक्टरच्या फिल्टरचं हेड, दोन हायड्रॉलिक पाईप आणि बाजारात कुठेही मिळणारा गोल फिल्टर. खरं फुल फ्लो करायचं तर पंपापासून गॅलरीकडे जाणारी वाट अडवून ऑईल बाहेर काढावं लागतं आणि परत आत आणावं लागतं. त्यासाठी इंजिन खोलून ब्लॉकला भोकं पाडावी लागतात. माझ्या चेंबरच्या बोल्टांवरची जुनी धूळसुद्धा हलली नव्हती.

आता प्रेशर का पडलं ते ऐका, कारण खरं नुकसान इथे झालं. मूळ डब्यात मधल्या नळीला एक बारीक भोक असतं, दीडेक मिलिमीटरचं. फाट्यावरून किती ऑईल जायचं ते हे भोक ठरवतं. डबा गेला तसं ते भोकही गेलं. गोल फिल्टरला अडथळा फारसा नसतो, त्यामुळे बेअरिंगच्या वाट्याचं ऑईल पाईपमधून सरळ चेंबरमध्ये पडायला लागलं. हे झाकण्यासाठी गॅरेजवाल्याने पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली जादा शिम, म्हणजे पातळ चकत्या घातल्या होत्या आणि ऑईलही जाड भरलं होतं. त्यामुळे गार असताना काटा साठवर आणि तापल्यावर जमिनीवर. वर गाळणी पहिल्यापेक्षा ढोबळ झाली ती वेगळीच.

चाचांनी चेंबर उतरवलं. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर ओरखडे होते. क्रँक वाचला, बेअरिंगचा सेट बदलावा लागला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पितळी निपल आणून, त्यात बारीक भोक पाडून पाईपमध्ये बसवलं आणि शिम काढल्या. आता गाडी तापल्यावरही काटा जागेवर राहतो.

असं काम कुणी करून दिलं तर गाडी गार असताना ताब्यात घेऊ नका. वीस-पंचवीस किलोमीटर पळवा, मग आयडलला प्रेशर बघा. आणि फिल्टरमधून निघालेला पाईप कुठे जातो ते स्वतः वाकून बघा. तो चेंबरकडे किंवा टायमिंग कव्हरकडे जात असेल तर समोरचा काहीही म्हणो, ते फुल फ्लो नाही. काढलेला प्रत्येक भाग, कुजका का असेना, गाडीतच ठेवायला सांगा.

पैशांचं म्हणाल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं ‘फुल फ्लो किट’ हे त्याचंच लिखाण कामी आलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातोय असं त्याला लेखी कळवलं. २०१९च्या कायद्याप्रमाणे तिथे दोन वर्षांत तक्रार देता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. त्यानंतर त्याने नऊ हजार परत पाठवले. उरलेल्यासाठी अर्ज तयार आहे.

डबा भंगारात गेला यावर माझा विश्वास नाही. मूळ डबा शोधणारे हौशी लोक बरेच आहेत आणि त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. आमच्या डब्याच्या बुडाशी एका बाजूला पोचा आहे आणि ब्रॅकेटच्या पट्टीखाली मूळ रंगावर वडिलांनी मारलेला लाल रंग अजून दिसतो. तसा डबा कुणाला विकायला आला, तर घेण्याआधी मला कळवा.