कोकणात रेल्वेने जावे की गाडीने? मुंबई–मडगाव, दोन्ही वाटांचे परीक्षण

आधी एक गैरसमज काढून टाकू. किनाऱ्याचा प्रवास म्हणून मुंबईहून गोव्याकडे ज्या दोन वाटांनी लोक निघतात, त्यांपैकी एकीवरूनही महाराष्ट्रात समुद्र धड दिसत नाही. कोकण रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ (जुना १७) दोन्ही सह्याद्रीचा पायथा आणि किनारा यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातून जातात. खाड्या दिसतात, नद्यांवरचे पूल लागतात, पण मालवण, गणपतीपुळे, गुहागर, देवगड ही सगळी गावे स्टेशनापासून किंवा महामार्गापासून पश्चिमेला तीस ते पन्नास किलोमीटरवर. त्यामुळे रेल्वे की गाडी हा प्रश्न मुंबई ते कुडाळ या लांब टप्प्याचा कमी आणि कुडाळ ते मालवण या आखूड टप्प्याचा जास्त आहे. तो टप्पा कसा पार करणार हे ठरले की बाकीचे आपोआप ठरते.

रेल्वेपासून सुरुवात करू. २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळुरू हा पूर्ण मार्ग चालू आहे आणि २०२२ पासून सगळा विजेवर. त्यावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि रत्नागिरीच्या पुढे निवसरच्या आधी लागणारा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. खिडकीतून बघण्यासारखे हेच. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला खाड्या, डावीकडे सह्याद्री. बोगद्यांत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा गाडीतून ऑफिसची मीटिंग करण्याचा बेत करू नये.

गाड्या अनेक आहेत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. वंदे भारत पहाटे ५.२५ ला सीएसएमटीहून सुटते आणि पावसाळा सोडून दुपारी १.१० ला मडगावात पोचवते, शुक्रवारी नसते. ठाणे-पनवेलनंतर ती खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवीलाच थांबते. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीवाल्यांना तिचा थेट उपयोग नाही. २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा चेअर कारचे मडगावपर्यंतचे भाडे खाण्यासकट १,८१५ रुपये होते. जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे. दिवसा डोंगर बघत जायचे असेल तर पैसे तिथे घालावेत. मांडवी सकाळी ७.१० ला निघते आणि मडगावला पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजून जातात. वेळ लागतो, पण खाण्यासाठी तिचे नाव आहे आणि मधल्या बऱ्याच स्टेशनांवर ती थांबते. रात्रीचा प्रवास हवा असेल तर कोकणकन्या: ११.०५ ला सीएसएमटी, सकाळी कुडाळ-सावंतवाडी. पूर्ण दिवस हाताशी मिळतो. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना आमची पहिली शिफारस हीच. स्लीपरचे मडगावपर्यंतचे तिकीट पाचशेच्या आत बसते, थ्री-टायर एसीचे बाराशेच्या आसपास.

तुतारी दादरहून रात्री १२.०५ ला सुटते, आणि दर सुट्टीच्या हंगामात कोणी ना कोणी इथे फसते. शनिवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचे हवे. शनिवारचे तिकीट काढले तर ती गाडी शुक्रवारच्या मध्यरात्रीच निघून गेलेली असते.

उशिराचे कारणही समजून घ्यावे. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, पण त्यापुढे बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून येणारी गाडी कुठल्या स्टेशनात ओलांडायची हे वेळापत्रकात बांधलेले असते. एखादी गाडी वीस मिनिटे मागे पडली की तिचे क्रॉसिंग चुकते, तिला बाजूला उभे करून दुसरीला सोडतात, आणि वीसची चाळीस होतात. म्हणून मडगावला उतरून विमान किंवा पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये किमान तीन तास मोकळे ठेवावेत.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे होते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. या काळात वेग कमी ठेवतात आणि जोरदार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणतात, कारण कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दरड किंवा माती रुळावर येण्याची भीती असते. वंदे भारतलाही मग दहा तास लागतात आणि ती सहाऐवजी आठवड्यातून तीनच दिवस मुंबईहून निघते. काही गाड्या गोव्याहून नेहमीपेक्षा आधी सुटतात. मे महिन्यात काढलेले जूनअखेरचे तिकीट हातात असेल तर सुटण्याची वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासावी.

तिकिटाबद्दल थोडे सविस्तर, कारण रेल्वेचा पर्याय इथेच बारगळतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या जागा काही मिनिटांत संपतात. कुडाळपर्यंतच्या तिकिटाला वेटिंग दिसत असेल तर त्याच गाडीत मडगावपर्यंत बघावे. शेवटच्या स्टेशनापर्यंतचा कोटा मोठा असतो आणि मधल्या स्टेशनांना वाटून आलेला लहान, त्यामुळे लांबचे तिकीट कधी कधी मिळून जाते. अलीकडे उतरायला हरकत नसते, फरक फक्त भाड्याचा. परत येताना हीच युक्ती वापरून मडगावहून तिकीट काढले आणि बसायचे कुडाळला असेल, तर चढण्याचे स्टेशन आधीच ऑनलाइन बदलून घ्या. नाहीतर मडगावला जागा रिकामी दिसली की टीसी ती दुसऱ्याला देऊ शकतो. वेटिंगमध्ये जीएनडब्ल्यूएल (गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनाची सर्वसाधारण यादी) लवकर सुटते. आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या लहान कोट्याच्या याद्या) दिसले तर फार आशा धरू नये. एसीचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला, स्लीपरचे अकराला, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी आयआरसीटीसीचे (रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळाचे) खाते आधारशी जोडलेले लागते. ही जोडणी ऐन वेळी करायला बसलात तर तत्काळ गेलेच म्हणून समजा.

आता स्टेशनांची नावे. 'सिंधुदुर्ग' स्टेशनावर उतरून किल्ला शोधू नका. ते ओरोसला आहे, किल्ला मालवणच्या समुद्रात. मालवणला जवळचे स्टेशन कुडाळ, तिथून सुमारे तीस किलोमीटर. ज्या नावापुढे 'रोड' लागले ते स्टेशन गावापासून दूर असणार: सावंतवाडी रोड हे मळगावात आहे, राजापूर रोडही राजापूर शहरापासून बरेच लांब. रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, शहरातल्या एसटी स्टँडपासून सहा-सात किलोमीटरवर. चिपळूणचे स्टेशनही मुख्य बाजारपेठेबाहेर. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, देवगडसाठी कणकवली, वेंगुर्ल्यासाठी सावंतवाडी किंवा कुडाळ. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात, पण लांबच्या गावाला परतीचे रिकामे भाडेही धरतात. पहाटेच्या गाडीने उतरणार असाल तर राहण्याच्या ठिकाणच्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून गाडी सांगून ठेवणे सगळ्यांत स्वस्त पडते. गोव्यात हा त्रास कमी: थिवीहून म्हापसा, करमळीहून पणजी, मडगावहून कोलवा, सगळे दहा-बारा किलोमीटरच्या आसपास, आणि भाड्याच्या दुचाक्याही मिळतात.

गाडीचा मार्ग मुंबई ते पणजी साधारण ५८० किलोमीटर. चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे, यातच सगळे आले. सिंधुदुर्गातला खारेपाटण ते झाराप हा टप्पा आधी पूर्ण झाला आणि तो खरोखर चांगला आहे. रायगडातला इंदापूर-माणगाव आणि रत्नागिरीतला आरवली ते वाकेड हे टप्पे सर्वांत रेंगाळले. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून पणजीपर्यंत सलग वेगाने जाऊ असे धरून निघू नका. खाण्यापिण्यासह अकरा-बारा तास धरा, सुट्टीच्या आदल्या दिवशी पंधराही लागतात.

माणगाव का तुंबते हे कळले की निघायची वेळ ठरवता येते. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडून येणारा रस्ता आणि पुण्याहून ताम्हिणी घाटातून उतरणारा रस्ता, दोन्ही इथेच महामार्गाला मिळतात, आणि महामार्ग बाजारपेठेतून जातो. रविवारी दुपारनंतर मुंबईचे आणि पुण्याचे परतणारे पर्यटक एकाच चौकात येतात. मुंबई पहाटे चारला सोडली तर बाजार उघडण्याआधी माणगाव मागे पडते. पेण-वडखळ टाळायचे असेल तर द्रुतगती मार्गाने खोपोली आणि तिथून पालीमार्गे वाकणला महामार्ग गाठता येतो.

पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाखाली सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे झाल्याने चाळीस मिनिटांचा वळणांचा घाट वाचतो. या मार्गावरचे हे सर्वांत मोठे सुख. परशुराम घाटात मात्र पावसाळ्यात दरडीचा धोका असतो. वाहतूक वळवली आहे का, ते निघण्याआधी तपासा. अपघाताची जागा म्हणजे काम चालू असल्याने काढलेला वळणरस्ता (डायव्हर्जन): गुळगुळीत काँक्रीट अचानक संपते, चार-सहा इंचांची पायरी येते आणि पुढे खडी. ऐंशीच्या वेगात तिथे टायरची बाजू फाटते किंवा रिम वाकते. रात्री पाट्या दिसत नाहीत आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात. म्हणून आमचे स्पष्ट मत: काम चालू असलेल्या टप्प्यात अंधारात गाडी हाकू नये. निघण्याआधी स्टेपनीतली हवा, जॅक, पान्हा आणि वायपरचे रबर बघून घ्यावे. स्टेपनी वर्षभर डिकीत पडून तिची हवा गेलेली असते आणि नेमके ते पंक्चर झाल्यावर कळते.

खर्चाचे गणित: लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ५८० किलोमीटरला सुमारे ३९ लिटर पेट्रोल, म्हणजे १०४ च्या दराने चार हजारांच्या थोडे वर, एका बाजूचे. चौघांसाठी हे वंदे भारतपेक्षा स्वस्त आणि स्लीपरच्या दुप्पट. दोघेच असाल तर गाडी फक्त पैशासाठी परवडत नाही. सीएनजीवर खर्च निम्म्याच्या आसपास येतो, पण मे महिन्यात आणि गणपतीत पंपावर रांगा लागतात आणि डिकीतली जागा सिलिंडरने घेतलेली असते.

पुणे-कोल्हापूरमार्गे संकेश्वर, आजरा, आंबोली करून सावंतवाडीत उतरणारेही बरेच. रस्ता चांगला, टोल भरपूर; एकट्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेच ३२० रुपये. दक्षिण सिंधुदुर्ग किंवा गोवा गाठायचा असेल तर हा मार्ग भरवशाचा, रत्नागिरीसाठी निरुपयोगी. आंबोलीत पावसाळ्यात धुके इतके दाट असते की पिवळे दिवे असलेली गाडी बरी.

गाडी खऱ्या अर्थाने जिंकते ती सागरी मार्गावर, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे असेल तर. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून अलिबाग, मुरुड, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी गाडीसकट खाडी ओलांडून देतात. दाभोळला बोट न घेता रस्त्याने गुहागर गाठायचे तर चिपळूणपर्यंत आत जाऊन परत बाहेर यावे लागते. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, खाली बसकी सेडान घासते. अशा वेळी माणसे उतरवून गाडी तिरकी चढवावी. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी विचारा. हा प्रवास रेल्वेने होऊच शकत नाही, आणि एका दिवसात तर गाडीनेही नाही. मुंबई ते रत्नागिरीला मध्ये किमान एक मुक्काम हवा.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने गाडीच रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली: कोलाड ते वेर्णा, एका गाडीला ७,८७५ रुपये. कल्पना छान, हिशेब अवघड. कोलाडपर्यंतचे शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे कोंडीचा बराच भाग, स्वतःच चालवत जायचे, सुटण्याच्या तीन तास आधी हजर व्हायचे, मग बारा तास. शिवाय एका गाडीमागे तीनच माणसे आणि त्यांचे तिकीट वेगळे. पुढे कणकवलीजवळच्या नांदगाव रोडला थांबा दिला, तेव्हा तळकोकणातल्या चाकरमान्यांना तिचा काही अर्थ लागला. ज्यांना गोव्यात महिनाभर स्वतःची गाडी हवी आहे, पण तिकडवर चालवत न्यायची नाही, त्यांच्यासाठी ती ठीक.

एकाच गावी चार दिवस राहायचे असेल तर रात्रीची रेल्वे आणि तिथे रिक्षा. रोज वेगळा किनारा, सोबत म्हातारी माणसे आणि सामान असेल तर गाडी, पण नोव्हेंबर ते मे. जून ते सप्टेंबरमध्ये कन्फर्म तिकीट असेल तर गाडी घरीच ठेवा. तिकडे भाड्याची गाडी हवी असल्यास गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. खासगी नंबरची स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवले तर दंड आणि विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात. आणि परतीचे आरक्षण जाण्याच्या आरक्षणासोबत उघडत नाही, जितके दिवस राहणार तितकेच दिवस ते उशिरा उघडते. जाण्याचे तिकीट हाती आले की लगेच परतीचे आरक्षण उघडण्याच्या दिवसाचा सकाळी आठचा गजर लावून ठेवा.