गंज काढलाच नव्हता, फक्त झाकला होता

गाडी जुनी, विकायला काढली तर फारसे पैसे येणार नाहीत, पण इंजिन ठणठणीत. अशा गाडीच्या मालकाला गंडवणं सगळ्यात सोपं. तो गॅरेजच्या दारातच विचारतो, "कमीत कमी कितीत होईल?" आणि समोरच्याला तेवढंच ऐकायचं असतं. माझ्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण यातली प्रत्येक लबाडी वेळीच पकडता येते. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

नुकसान तीन ठिकाणी होतं. मागच्या चाकावरची कमान कडेने गंजून फुगली होती. दाराखालच्या सिलला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. पुढच्या मडगार्डला खांब घासून मोठा पोचा आला होता. पहिल्या गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितलं, कमान आणि सिलचा सडलेला पत्रा कापून नवीन जोडावा लागेल, मडगार्ड ठोकून निघेल. आकडा ऐकून मी परत फिरलो. दुसऱ्याने निम्म्याहून कमी सांगितले आणि वर म्हणाला, "साहेब, कमान-सिलचा गंज मुळापासून काढतो, छोटे पॅच मारतो. मडगार्ड मात्र नवीनच टाकू, उगाच ठोकत बसायला नको." कमी पैशांत जास्त काम! माणूस बोलायला गोड, गाडी वेळेवर दिली, रंग आरशासारखा. बिलावर एकच ओळ: डेंटिंग-पेंटिंग, नवीन मडगार्डसह, आणि खाली एकूण रक्कम.

पाऊस सुरू झाला आणि काही महिन्यांत कमानीच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे फुगे आले. नखाने दाबला तर फुगा फुटून आतून तांबडं पाणी. सिलवर जॅक टेकवला तेव्हा तर रंगासकट जाड ढलपीच निघून पडली.

गाडी पहिल्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने ग्राइंडरने कमान उघडली. रंगाखाली बोटाच्या जाडीची लांबी, म्हणजे पोचे-खड्डे भरायची पुट्टी, लांबीखाली बारीक जाळी, जाळीमागे चुरगळलेली वर्तमानपत्रं आणि फोम. आणि त्या सगळ्याच्या मागे, जागचा न हललेला, ओला गंज. म्हणजे नवीन पत्रा तर सोडाच, जुना घासलासुद्धा नव्हता. फोम आणि कागद पाणी धरून ठेवतात. भोक उघडं ठेवलं असतं तर पत्रा निदान वाळला तरी असता. या दुरुस्तीने तो आतून आणखी वेगाने खाल्ला गेला.

इथे लांबीबद्दल दोन शब्द, कारण लोक लगेच तिलाच दोष देतात. लांबी वाईट नाही. पोचा ठोकून जवळजवळ सपाट केला, पत्रा जाड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला आणि वर दोन-तीन मिलिमीटर लांबी फिरवली, तर ती वर्षानुवर्षं टिकते. नव्या गाड्यांनाही अपघातानंतर ती लागतेच. पण ती पत्र्याचं काम करू शकत नाही. भोकावर ती पूल बांधत नाही, आणि सच्छिद्र असल्यामुळे मागून पाणी मिळालं की शोषून घेते. खाली गंज जिवंत असेल तर तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि लांबीला आतून ढकलतो. कमानीवरचे फुगे त्याचेच.

मडगार्डची गोष्ट वेगळीच. पुढचं मडगार्ड बहुतेक गाड्यांना बोल्टने बसवलेलं असतं, मागच्या कमानीसारखं वेल्ड केलेलं नसतं. कारखान्यात ते बॉडीबरोबरच रंगवतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावरही गाडीचाच रंग असतो. पाना लागला की त्या रंगाचे टवके उडतात. बॉनेट उघडून बघितलं, तर बोल्टांवरचा मूळ रंग शाबूत, कडेला जुनी धूळ तशीच. मडगार्ड कधी सुटलंच नव्हतं. नव्याचे पैसे घेऊन जुन्याच पोच्यात लांबी भरली होती.

रंगही स्वस्तातला. दाराच्या आतल्या कडेला थिनरचा बोळा फिरवला तर कापड रंगून निघालं. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालून मारलेला रंग नीट सुकल्यावर थिनरने असा सुटत नाही.

त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याला जाब विचारायला गेलो तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. "साहेब, गंजाची गॅरंटी जगात कोणी देत नाही." हे वाक्य नीट ऐका, तुमच्याही कानावर येईल. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते चालतं. गंज परत येऊ शकतो आणि प्रामाणिक कारागीरही त्याची हमी देत नाही. पण माझी तक्रार गंज परत आल्याची नव्हतीच. तो गेलाच नव्हता, ही होती. मडगार्डचा विषय काढल्यावर तो म्हणाला, "पोरांनी काय केलं मला बघावं लागेल." बघितलं नाही. पैसेही आले नाहीत. मडगार्डपुरतं तरी बिल माझ्या बाजूने होतं. गंजाच्या कामात काय काय करणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे हातात काहीच नव्हतं.

आता गाडी द्याल तेव्हा काय करायचं ते सांगतो. कामाची सगळी किंमत पत्रा उघडा असतानाच्या टप्प्यात असते आणि नेमका तोच टप्पा गिऱ्हाईक बघत नाही. आधीच सांगून ठेवा: गंज काढून झाल्यावर, लांबी लावण्याआधी मी येणार, आणि पैशांचा पहिला हप्ता तेव्हाच देणार. दुसरा प्राइमर झाल्यावर, उरलेला गाडी घेताना. हे ऐकून जो कुरकुरतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका. बदलायच्या भागावर आतून, दिसणार नाही अशा जागी, आधीच खूण करा आणि काढलेला जुना भाग परत मागा. बिलात प्रत्येक भागासमोर 'कापून जोडला', 'ठोकला' की 'बदलला' हे लिहून घ्या.

गाडी ताब्यात घेताना खिशात एक साधा, कमजोर चुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून. चांगल्या पत्र्यावर तो धरतो, जाड लांबीवर घसरतो. जोरदार चुंबक घेऊ नका, तो लांबीतूनही ओढतो आणि काहीच कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर किंवा ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर मात्र हा प्रयोग व्यर्थ. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कोणाकडे मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉनच्या आसपास असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). आकडा हजारावर गेला की खाली लांबी आहे हे नक्की.

आणि पैसे खरंच कमी असतील तर चमक सोडून द्या. मी दुसऱ्यांदा तेच केलं. सिल आधी धरली, कारण ती नुसती शोभेची पट्टी नाही. बॉडीचा भार आणि बाजूने बसणारा धक्का ती घेते, जॅकही तिच्याच कडेला लागतो. तिथे कापून नवीन पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. कमानीचं तसंच, फक्त वर रंगाऐवजी इपॉक्सी प्राइमर मारून थांबलो. साधा प्राइमर पाणी झिरपू देतो, इपॉक्सी बऱ्याच अंशी अडवतो, त्यामुळे रंगाचं काम पुढे ढकलता येतं. मडगार्ड भंगारातून त्याच मॉडेलचं आणलं आणि स्वतः बसवलं. रंग जुळत नाही. शेजारी हसतात, हसू देत. पत्रा न फाटलेला, रंग न उडालेला पोचा तर तसाच राहू दिला तरी बिघडत नाही, तो गंजत नाही.

घरी रंग मारणार असाल तर हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतं आणि धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. तेवढं काम बाहेरून करून घ्या.

गाडी परत आल्यावर दारांच्या आणि सिलच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने तपासा. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालून मारायचा गंजरोधक थर, मारताना ती हमखास बुजतात. माझीही सगळी बुजलेली होती, आणि सिलमध्ये पाणी साचायचं मूळ कारण तेच निघालं.