आठवणींचे दोन अल्बम : मॅकार्टनी घ्यावा की गिल्मर?

परभणीच्या एका निवृत्त शिक्षक मित्रांनी गेल्या उन्हाळ्यात विचारले की, उतारवयात आलेल्या रॉक कलावंताने मागे वळून पाहत केलेला एकच अल्बम विकत घ्यायचा झाला, तर तो कोणता घ्यावा. त्यांच्यापुढे दोन नावे होती : पॉल मॅकार्टनी यांचा 2007 मधला ‘मेमरी ऑलमोस्ट फुल’ आणि डेव्हिड गिल्मर यांचा 2024 मधला ‘लक अँड स्ट्रेंज’. एक बीटल्सचे, दुसरे पिंक फ्लॉइडचे; दोन्ही गाजलेले ब्रिटिश रॉक बँड. त्यामुळे तरुणपणी आपण कोणाच्या बाजूचे होतो यावरच निवड करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एकाच्या अल्बममध्ये आठवणी शब्दांत सांगितल्या आहेत आणि दुसऱ्याच्या अल्बममध्ये त्या प्रत्यक्ष वाजतात.

मॅकार्टनी यांनी ही गाणी 2003 मध्येच सुरू केली होती. मध्येच ती बाजूला ठेवून त्यांनी 2005 मध्ये दुसरा अल्बम काढला आणि मग ते पुन्हा या गाण्यांकडे वळले. अल्बम बाजारात आला तेव्हा त्यांचे वय बरोबर 64 वर्षांचे होते, आणि चौसष्टाव्या वर्षी आपले कसे होईल या कल्पनेवरचे गाणे त्यांनी कोवळ्या वयातच रचले होते, हा योगायोग जाणत्या श्रोत्याला सुखावतोच. सुरुवात मेंडोलिनवरच्या एका साध्या, ताल धरायला लावणाऱ्या गाण्याने होते. मात्र अल्बमचा खरा जीव उत्तरार्धातल्या पाच गाण्यांच्या सलग मालिकेत आहे. बीटल्सच्या 1969 च्या ‘अॅबी रोड’ या अल्बमच्या दुसऱ्या बाजूची आठवण करून देणाऱ्या या मालिकेतील ‘दॅट वॉज मी’ या गाण्यात शाळेतले नाटक, स्काउटची छावणी, समुद्रकाठी नेलेली बादली आणि फावडे, घामाने निथळणारे तळघर अशी चित्रे एकामागून एक येतात, आणि तो मुलगा मीच होतो याचे गाणाऱ्याला अजून नवल वाटते. हळहळ अशी कुठेच नाही. ‘द एंड ऑफ द एंड’मध्ये तर ते स्वतःच्या मृत्यूच्या दिवशी विनोद सांगितले जावेत, घंटा वाजाव्यात असे सुचवतात आणि मध्येच शीळ घालतात. आपल्याकडे भैरवी झाली की बैठक उठते. मॅकार्टनी मात्र या भैरवीनंतर आणखी एक दणदणीत गाणे वाजवून मगच उठतात. मला ते पहिल्यांदा खटकले होते, आता आवडते.

गिल्मर यांच्याकडे अशी चित्रमालिका मिळणार नाही. शब्द बहुतांशी त्यांच्या पत्नी, कादंबरीकार पॉली सॅमसन यांचे आहेत, त्यामुळे वार्धक्याचा आणि मृत्यूचा विचार येथे एका माणसाचा न राहता घराचा होतो; कन्या रोमनी एक गाणे हार्पसह स्वतः गाते, आणि मला विचाराल तर ते या अल्बममधले सर्वांत ताजे गाणे आहे. सहनिर्माते चार्ली अँड्र्यू यांना पिंक फ्लॉइडच्या पुण्याईचे दडपण नव्हते. येथे गिटारचा एकल तुकडा हवाच कशाला, असे ते गिल्मर यांना विचारत. याचा फायदा जागोजाग जाणवतो. तरीही विकत घेण्याचे कारण म्हणाल तर ते शीर्षकगीतच. 2007 मध्ये गिल्मर यांच्या घरच्या धान्यकोठारात (परभणी-हिंगोलीकडे शेतात आखाडा असतो, तसलीच काहीशी जागा) पिंक फ्लॉइडमधले जुने सहकारी, कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्यासोबत एक बैठक ध्वनिमुद्रित झाली होती. राइट पुढच्याच वर्षी वारले. त्या बैठकीतले त्यांचे इलेक्ट्रिक पियानोचे वादन तसेच ठेवून त्याभोवती हे गाणे उभे केले आहे. गेलेला मित्र सूर देतो आहे आणि 78 वर्षांचा माणूस त्याच्याशी जुळवून घेत वाजवतो आहे, हे कळल्यावर ते गाणे पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

आता ऐकण्याच्या सोयीचे. मित्रांच्या घरी मे महिन्याच्या रात्री आम्ही दोन्ही अल्बम लावून पाहिले, तेव्हा खोलीत पत्र्याचा कूलर घरघरत होता. राइट यांचे ते हळुवार स्वर त्या घरघरीत पार बुडाले. साडेनऊला लाईट गेली, कूलर थांबला, आणि मग बॅटरीवरच्या स्पीकरमधून पियानोची एकेक पट्टी वेगळी ऐकू येऊ लागली. मॅकार्टनी यांना अशी अडचण आली नाही. त्यांच्या सीडीचा आवाज मुद्रणातच दाबून मोठा केलेला आहे, यावर जाणकारांनी सार्थ टीका केली आहे, आणि हेडफोनवर सलग ऐकताना कान शिणतात हे खरेच. पण कूलरपुढे किंवा लातूर-नांदेड एस.टी.च्या खिडकीशी बसल्यावर तोच दोष उपयोगी पडतो.

ज्यांना बीटल्सची दहा-वीस गाणी तरी ओळखीची आहेत, इंग्रजी शब्द कानांनी टिपता येतात आणि जे काम करता करता ऐकतात, त्यांनी मॅकार्टनी घ्यावा. साधारण पाऊण तासात तो संपतो आणि कुठे रेंगाळत नाही. मधली दोन-तीन गाणी सामान्य आहेत, ती खुशाल ओलांडावीत. ज्यांना शब्दांपेक्षा स्वराचा ठहराव महत्त्वाचा वाटतो आणि रात्री दार लावून बसण्याची सवड आहे, त्यांनी गिल्मर. माझ्या मित्रांना अभंगापेक्षा आलापात अधिक रस, म्हणून मी त्यांना निःशंकपणे गिल्मर सुचवला. फक्त घेताना एक पाहून घ्यावे : त्या कोठारातली सुमारे 14 मिनिटांची मूळ बैठक जोडगाणे (बोनस ट्रॅक) म्हणून उपलब्ध आहे, पण ती प्रत्येक आवृत्तीत असेलच असे नाही, मागच्या बाजूची यादी वाचूनच पैसे द्यावेत.