युनियन चॅपल, इझलिंग्टन : ऐकण्यासाठी बांधलेली वास्तू

लंडनमध्ये गाणे ऐकायला सभागृहांची वाण नाही. पण मैफल संपल्यावर गायिकेइतकेच जागेविषयी बोलत लोक बाहेर पडतात, अशी ठिकाणे मोजकीच आहेत. उत्तर लंडनमधील इझलिंग्टनचे युनियन चॅपल हे चर्च त्यांपैकी एक आहे. हायबरी अँड इझलिंग्टन स्थानकातून उतरून काही मिनिटे चालले की कॉम्प्टन टेरेस ही विटांच्या जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग लागते, आणि तिच्या मधोमध सुमारे १७० फूट उंचीचा मनोरा अचानक उभा राहतो. शेजारची घरे त्याच्यापुढे इतकी खुजी दिसतात की हे प्रमाण चुकले तर नाही ना, अशी शंका पहिल्यांदा येतेच. ते चुकलेले नाही. ज्यांनी हा मनोरा उभारला त्यांना तो दिसायलाच हवा होता.

येथील मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय, १७९९ साली स्थापन झाली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधील काही जण आणि त्या चर्चबाहेरचे स्वतंत्र पंथीय एकत्र आले, म्हणून नाव ‘युनियन’. १८०६ मध्ये ही मंडळी कॉम्प्टन टेरेसमध्ये आली, तेव्हा इझलिंग्टन हे शहराच्या वेशीबाहेरचे, लंडनला दूध पुरवणाऱ्या गोठ्यांचे गाव होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत घोड्यांच्या ऑम्निबस आणि मग आगगाड्या आल्या, शहरात नोकरी-व्यापार करणारा मध्यमवर्ग येथे घरे करून राहू लागला आणि गावाचे उपनगर झाले. हे चॅपल काँग्रिगेशनल पंथाचे, आणि या पंथात बिशप नसतो. पाळक कोण नेमायचा, पैसा कशावर खर्च करायचा, हे प्रत्येक मंडळी स्वतःच ठरवते. त्यामुळे ही वास्तू कोणा धर्मपीठाच्या आदेशाने उठलेली नाही, तर उपनगरातल्या मंडळीने आपल्या हिमतीवर उभी केलेली आहे, हे ध्यानात ठेवून ती पाहिली तर तिचा डौल अधिक कळतो.

१८४४ पासून १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत हेन्री ॲलन येथे पाळक होते. उपासनेतील गायन निवडक गायकांवर न सोडता सगळ्या मंडळीने नीट शिकून गायले पाहिजे, हा त्यांचा आग्रह, आणि हेन्री गाँटलेट यांच्यासारखा नामवंत ऑर्गनवादक त्यांनी त्यासाठी आणला. जुनी इमारत अपुरी पडू लागल्यावर नव्या वास्तूसाठी स्पर्धा घेण्यात आली व जेम्स क्यूबिट यांचा आराखडा निवडला गेला. प्रत्येकाला प्रवचनकार विनासायास दिसला आणि ऐकू आला पाहिजे, ही मूळ अट होती. क्यूबिट यांचे तर १८७० मधले एक पुस्तकच या विषयावर आहे : लांबलचक दालन आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा ही गॉथिक पद्धत मिरवणुकीला शोभते, पण खांबाआड बसलेल्या श्रोत्याचे काय, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांना व्हेनिसजवळच्या तोर्चेल्लो बेटावरील सांता फोस्का या मध्ययुगीन चर्चमध्ये सापडले. मध्यभागी अष्टकोनी मोकळी जागा, तिच्याभोवती गॅलऱ्या, आणि सगळ्या बाकांची तोंडे प्रवचनपीठाकडे, अशी रचना त्यांनी केली. १८७७ च्या डिसेंबरात चॅपल उघडले. मनोरा पूर्ण व्हायला मात्र १८८९ उजाडले.

आज हीच अट मैफलीच्या कामी येते. मी गॅलरीत, व्यासपीठाच्या किंचित डावीकडे बसलो होतो. शेवटच्या गाण्याला गायिका ध्वनिक्षेपकापासून दोन पावले मागे सरली आणि नुसत्या गळ्याने गाऊ लागली, तेव्हा शब्दच काय, दोन ओळींमध्ये तिने घेतलेला श्वासही वर पोहोचला. मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमून शब्दांचा काला होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे आवाजाला भरीवपणा येतो, पण शब्द शाबूत राहतात. जोरकस ढोल-गिटारच्या वाद्यवृंदाला मात्र ही जागा तितकीशी मानवत नाही, असे माझे मत आहे. एकटा गळा, तंतुवाद्ये, पियानो यांच्यासाठी यावे.

प्रवचनपीठामागे जाळीदार पडद्याआड दडलेला हेन्री विलिस यांचा १८७७ चा ऑर्गन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पेटीचा भाता आपण हाताने मारतो. या ऑर्गनला हवा पुरवणारी मूळची यंत्रणा पाण्याच्या दाबावर चालते, आणि जीर्णोद्धारानंतर ती आजही चालू स्थितीत आहे. ऑर्गनच्या वर वर्तुळाकार रंगीत खिडकीत वाद्ये वाजवणारे देवदूत आहेत, तेव्हा मैफलींना येथे काही नव्याने शिरकाव करावा लागला, असे म्हणता येणार नाही.

मधला काळ कठीण गेला. मध्यमवर्ग आगगाडीच्या रुळांबरोबर आणखी बाहेर सरकला, मोठ्या घरांच्या खोल्या भाड्याने गेल्या, आणि शेकडोंची मंडळी मूठभर झाली. जून १९४४ मध्ये हायबरी कॉर्नरवर पडलेल्या जर्मन उडत्या बाँबने कॉम्प्टन टेरेसच्या उत्तर टोकाची घरे नेली, चॅपल वाचले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते पाडण्याचाच विचार पुढे आला, तेव्हा रहिवाशांनी आणि वास्तुप्रेमींनी तो हाणून पाडला. १९९० च्या दशकापासून येथे मैफली होऊ लागल्या. रविवारची उपासना चालूच आहे, आणि बेघरांसाठी ‘मार्जिन्स’ हा उपक्रमही याच छपराखाली चालतो.

मराठी वाचकाने एक दगड आवर्जून पाहावा. व्हेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या, दारावर अमेरिकेतील प्लिमथ येथील खडकाचा तुकडा बसवलेला आहे. १६२० मध्ये इंग्लंड सोडून तेथे उतरलेल्या पिल्ग्रिमांचे, म्हणजे अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या स्थलांतरितांचे, ते स्मारक. त्यांच्याच परंपरेतील मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल मंडळींनी पुढे अमेरिकन बोर्ड ही संस्था काढली, तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले, आणि १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. लंडनच्या एका उपनगरात नगरचा धागा हाती लागावा, याचे मला त्या मैफलीपेक्षाही अधिक अप्रूप वाटले.

आता व्यवहाराचे. बाक लाकडी, सरळ पाठीचे आणि व्हिक्टोरियन काळातल्या सहनशक्तीला साजेसे आहेत. कडा मात्र दीडशे वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत. दोन तासांच्या कार्यक्रमाला घरून पातळ उशी नेण्यात काही कमीपणा नाही. हिवाळ्यात कोट अंगावर ठेवावा, कारण एवढी उंच जागा पुरती ऊबदार होणे अवघड. मद्य बारमध्येच घ्यायचे असते. सभागृहात हाती असतो तो चहाचा किंवा गरम चॉकलेटचा पेला, आणि थंडीत तोच बरा. बहुतेक कार्यक्रमांना जागा राखीव नसतात, म्हणून दारे उघडण्याआधी अर्धा तास रांगेत उभे राहावे. मी पहिल्या खेपेस माझ्याच आळसाने उशिरा पोहोचलो आणि सर्वांत मागच्या कोपऱ्यात बसलो. गाणारी व्यक्ती तेथूनही पूर्ण दिसत होती.