पीसीबी घरी एच करावा की मागवावा?

पीसीबीचा (तांब्याच्या रेषांनी, म्हणजे ट्रॅकनी, सर्किटचे भाग जोडणाऱ्या बोर्डाचा) लेआउट झाला, डीआरसीत (सॉफ्टवेअरच्या नियम-तपासणीत) एकही चूक उरली नाही, आणि आता बोर्ड घरीच करावा की गर्बर फाइल्स (बोर्ड बनवणाऱ्याला लागणारे नकाशे) पाठवून मागवावा, अशा पेचात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय.

घरच्या बोर्डाला वेगात तोड नाही. सकाळी ग्लॉसी कागदावर लेझर प्रिंट काढायची, इस्त्रीने टोनर तांब्याच्या बोर्डावर उतरवायचा, मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको ते तांबं विरघळवायचं, म्हणजेच बोर्ड एच करायचा. दुपारी सोल्डरिंगला बसता येतं. लागणारं सामान पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातं. एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटरचा पॉवर सप्लाय किंवा रिले ड्रायव्हर असा एकेरी (एकाच बाजूला ट्रॅक असलेला) बोर्ड असेल तर खुशाल घरी करा. फक्त वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं.

माझं मत फिरलं ते भोकांपायी. घरी पाडलेलं भोक आतून तांब्याने मढवलेलं नसतं. दुहेरी बोर्ड असला की प्रत्येक व्हायात (दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडणाऱ्या भोकात) रेझिस्टरच्या पायाचा कापलेला तुकडा घाला, वरून-खालून सोल्डर करा, उरलेलं छाटा. एवढं एक वेळ चालवून घेता येतं. पण वरच्या बाजूचा ट्रॅक आयसी सॉकेटच्या किंवा स्क्रू टर्मिनलच्या पायाला जोडायचा असेल तर? त्यांचं प्लॅस्टिक बोर्डाला चिकटून बसतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक तिथे शिरतच नाही. मग ती जोडणी खालून यावी म्हणून ट्रॅक वळवायचे, आणखी व्हाया टाकायचे, त्यांतही पुन्हा तारा घालायच्या. सर्किटला काय हवंय ते बाजूला राहतं आणि आयर्न कुठवर पोचतं त्यावर सगळा लेआउट ठरतो. हे मला फार खुपलं. काही जण भोकांत तांब्याचे बारीक रिव्हेट ठोकतात. ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांना कदाचित ही अडचण वाटणार नाही.

मागवलेल्या बोर्डात खालून सोल्डर केलं की वरचा ट्रॅकही जोडला गेलेला असतो. शिवाय सोल्डर मास्क (ट्रॅकवरचा, सोल्डर न चिकटणारा थर) असल्याने एटीमेगा३२८पीसारख्या ०.८ मिमी पिचच्या (शेजारच्या पायांमधल्या अंतराच्या) चिपलाही हात घालायची भीती वाटत नाही. फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावून आयर्नचं टोक ओढत नेलं तर पाय क्वचितच एकमेकांना चिकटतात. वाट पाहावी लागते, हे खरं. बऱ्याच ठिकाणी किमान ५ नग घ्यावे लागतात, आणि परदेशातून मागवलं तर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी मिळून बोर्डापेक्षा महाग पडू शकतं. तरीही दुहेरी बोर्ड असेल तर मी मागवाच म्हणेन.

फाइल्स पाठवण्याआधी लेआउटची १:१ प्रिंट काढा आणि हातातले कंपोनंट कागदावर ठेवून पाहा. स्क्रू टर्मिनलच्या पायांमधलं अंतर मोजा. ट्रान्झिस्टर बदलला असेल तर पायांचा क्रमही पाहा: सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४७चा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो, २एन३९०४चा नेमका उलटा.