सार्वजनिक उद्यानातील डिस्क गोल्फ : आठ महिन्यांच्या खेळानंतर

गेले आठ महिने आठवड्यातून साधारण दोनदा मी एका सार्वजनिक उद्यानातील नऊ होलच्या डिस्क गोल्फ कोर्सवर खेळत आहे. गोल्फसारख्याच या खेळात चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे चपटी चकती, फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती खांबावरच्या, साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये पाडायची; अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात. बास्केट आणि तिच्या साखळ्या कुठेही थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. कोर्स चांगला की वाईट हे ठरते ते पायवाट कुठून जाते यावर, असे माझे आता मत झाले आहे.

हा खेळ पहिल्यापासून उद्यानांतच वाढला. १९७५ मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, साखळ्यांची बास्केट नंतर आली. त्यामुळे फिरायला आलेली माणसे, कुत्री आणि सतरंजी पसरून बसलेली कुटुंबे यांना खेळातील अडथळा मानणे चुकीचे आहे. त्यांचा हक्क आधीचा आहे आणि समोरचा टप्पा मोकळा होईपर्यंत डिस्क हातातच ठेवणे हा नियमही आहे. गर्दीच्या वेळी मात्र नऊ होलना दीड तास लागतो आणि त्यातला बराचसा वेळ टीवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवर, उभे राहण्यात जातो, याची तयारी ठेवावी.

माझी खरी तक्रार पाचव्या होलविषयी आहे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर झटकून, फेकलेली डिस्क वेग ओसरला की डावीकडे वळते, आणि बहुसंख्य खेळाडू असेच फेकतात. तरीही या होलवर पायवाट नेमकी डाव्या अंगाला, बास्केटच्या अलीकडे आहे. तिसऱ्या महिन्यात वाट मोकळी दिसल्यावरच मी ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान डिस्क, फेकला. डिस्क कडेवर पडून चाकासारखी घरंगळत गेली आणि झुडपामागून पुढे आलेल्या एका बाबागाडीच्या चाकाला टेकून थांबली. कोणाला काही झाले नाही. गाडी ढकलणाऱ्या आजींनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि मी धापा टाकत पोहोचल्यावर एवढेच विचारले, "अहो, हे ताट तुमचंच का?" मी इतका ओशाळलो होतो, की माफी मागायलाही क्षणभर सुचले नाही. जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची वस्तू असली, तरी ड्रायव्हरची कड पातळ आणि टणक असते. ती वेगात लागली तर इजा होऊ शकते.

तेव्हापासून त्या टीवरून मी पटर, म्हणजे जवळच्या फेकीसाठीची डिस्कच फेकतो. पटर हळू जातो, कमी वळतो आणि जिथे पडतो तिथेच बहुधा राहतो. तीनच्या पारवर, म्हणजे तीन फेकी अपेक्षित असताना, मला तिथे हमखास चार लागतात, पण ते चालेल.

बाकी कोर्स समाधानकारक आहे. टीवरची जमीन पावसानंतर निसरडी होते आणि दुसऱ्या होलची पाटी कधीच जागेवर नसते. फेअरवेवरील, म्हणजे टी आणि बास्केटमधल्या पट्ट्यातील, दोन झाडांची साल डिस्क आदळून सोलली गेली आहे, हे पाहून मात्र वाईट वाटते. तिथे खोडाभोवती काही गुंडाळायला हवे.

शिकण्यासारखे सर्वाधिक मिळाले ते बास्केटजवळ. दहा मीटरच्या आतून फेकल्यावर तोल सावरून मागेच थांबावे लागते, झोक जाऊन पुढे पाऊल पडले तर ती फेक नियमबाह्य ठरते. ही सवय लागायला मला दोन महिने लागले. डिस्क साखळ्यांच्या मधोमध लागली की छन्न आवाज करून खाली बसते; कडेच्या साखळीला लागली की तोच आवाज होतो आणि डिस्क मात्र गवतात पडलेली असते. समोरून वारा असेल तर डिस्क अचानक उचलली जाऊन बास्केटच्या वरून निघून जाते, म्हणून अशा दिवशी मी फेक थोडी खाली आणि जास्त जोराने ठेवतो.

पाचवी बास्केट वीस पावले उजवीकडे, उताराच्या बाजूला हलवावी, असे हाताने काढलेल्या नकाशासह मी उद्यानाच्या व्यवस्थापनाला लिहून दिले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.