वेटेड सम की एनएसजीए-टू, टीमचं शेड्युल कशाने लावायचं?

कुठलं काम कोणाला द्यायचं म्हणजे खर्चही आटोक्यात राहील आणि डेडलाइनही गाठता येईल, हा सीप्झमधल्या प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरचा रोजचा प्रश्न. वेटेड सम सोपं आहे, खर्चाला 0.6, वेळेला 0.4 वजन द्या, बेरीज कमीत कमी करा, एक उत्तर हातात. लहान टीमला चालून जातं. पण ते वजन ठरवणार कोण? शिवाय पॅरेटो फ्रंट, म्हणजे ज्या पर्यायांत खर्च कमी केला की वेळ वाढतोच अशा पर्यायांची रेषा, आतल्या बाजूला वळलेला असेल तर तिथले चांगले पर्याय कुठलंही वजन दिलं तरी सापडतच नाहीत.

एनएसजीए-टू, म्हणजे कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी 2002 च्या पेपरात मांडलेला, उत्क्रांतीसारखे पर्याय सुधारत नेणारा अल्गोरिदम, एकदम बरेच पर्याय समोर ठेवतं, सिनियर डेव्हलपर पूर्णवेळ घेतला तर काम लवकर पण महाग, दोन ज्युनियर घेतले तर स्वस्त पण टेस्टिंग पुढे ढकललं जातं. रन व्हायला वेळ लागतो, दरवेळी तंतोतंत तेच उत्तर येईल असंही नाही. तरी मला हेच पटतं, कारण विरारहून लोकलने येणाऱ्या माणसावर ओव्हरटाइम किती टाकायचा हे तिसरं उद्दिष्ट म्हणून सरळ घालता येतं आणि ते क्लायंटला स्पष्ट दिसतं, बेरजेत लपत नाही.